'क्लिष्ट' म्हणजे नक्की काय? अर्थ, उगम आणि नेहमी पडणारे प्रश्न

हा शब्द आपण सगळेच वापरतो. पुस्तक क्लिष्ट, सरकारी पत्र क्लिष्ट, इन्शुरन्सची पॉलिसी क्लिष्ट, गणिताचे सर तर फारच क्लिष्ट. पण याचा मूळ अर्थ काय आणि तो आला कुठून असं विचारलं की बहुतेक जण 'संस्कृतातून' एवढं बोलून थांबतात. त्याच्या पुढचं जे आहे ते इथे.

साध्या भाषेत क्लिष्ट म्हणजे काय?

समजायला जड. पण नुसतं 'अवघड' म्हटलं की काम भागत नाही, कारण डोंगर चढणं अवघड असतं, क्लिष्ट नसतं. क्लिष्ट हा शब्द मुख्यतः बोलण्याला, लिहिण्याला, मांडणीला लागतो. वाक्यातले शब्द सुटे सुटे ओळखीचे वाटतात आणि तरी अर्थ लागायला दोनतीनदा मागे जावं लागतं, डोक्याला ताण येतो, तिथे हा शब्द बरोबर बसतो.

शब्द आला कुठून?

संस्कृतात 'क्लिश्' असा धातू आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो दोनदा येतो, एकदा 'क्लिश उपतापे' म्हणजे त्रास होणे, ताप होणे, आणि एकदा 'क्लिशू विबाधने' म्हणजे त्रास देणे, पिडणे. म्हणजे सोसणारा आणि सोसायला लावणारा दोघांची सोय एकाच धातूत. त्याला भूतकाळवाचक 'त' लागला की श् आणि त मिळून 'ष्ट' होतो, जसं दृश् वरून दृष्ट, नश् वरून नष्ट, तसं क्लिश् वरून क्लिष्ट. पाणिनीने एक सूत्र खास या धातूसाठी ठेवलंय, 'क्लिशः क्त्वानिष्ठयोः', त्यामुळे संस्कृतात 'क्लिशित' असंही रूप चालतं, पण मराठीत ते आलंच नाही.

तर मूळ अर्थ झाला 'पीडित, कष्टलेला, गांजलेला'. आणि याच धातूचं नाम म्हणजे आपला रोजचा 'क्लेश'. क्लेश आणि क्लिष्ट सख्खी भावंडं आहेत, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग जुन्या संस्कृतात क्लिष्ट म्हणजे अवघड असा अर्थ नव्हताच का?

आधी नव्हता. रामायणात रामाला 'अक्लिष्टकर्मा' म्हणतात. लंकेत हनुमान स्वतःची ओळख देतो ना, 'दासोऽहं कोसलेन्द्रस्य रामस्याक्लिष्टकर्मणः', तिथे अर्थ असा की ज्याला काम करताना थकवा येत नाही, ज्याची कामं कुंथत कुंथत होत नाहीत असा राम. 'ज्याची कामं समजायला सोपी' असा अर्थ लावलात तर फार गंमत होईल.

कालिदासाच्या मेघदूतात यक्ष आपल्या बायकोच्या चेहऱ्याबद्दल ढगाला सांगतो की तू मागे लागल्यावर चंद्राची जी दशा होते तशी तिची झाली असेल, 'इन्दोर्दैन्यं त्वदनुसरणक्लिष्टकान्तेर्बिभर्ति'. इथे क्लिष्ट कांती म्हणजे मलूल झालेली, फिकुटलेली कांती. मला स्वतःला हा या शब्दाचा सगळ्यात सुंदर वापर वाटतो, आणि त्यात अवघडपणाचा मागमूस नाही.

योगसूत्रात 'क्लिष्ट' वृत्ती आहेत त्या म्हणजे कॉम्प्लेक्स वृत्ती का?

नाही, आणि ही चूक योगाच्या क्लासात फार ऐकू येते. पतंजली पहिल्या पादात म्हणतो 'वृत्तयः पञ्चतय्यः क्लिष्टाक्लिष्टाः', म्हणजे मनाच्या वृत्ती पाच प्रकारच्या, त्या क्लेश देणाऱ्या असतात किंवा न देणाऱ्या. वृत्ती पाच म्हणजे प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. आणि क्लेश कोणते ते दुसऱ्या पादात येतं, अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. तेव्हा क्लिष्ट वृत्ती म्हणजे या पाचांनी रंगलेली वृत्ती. गुंतागुंतीशी काही घेणंदेणं नाही.

बौद्ध परंपरेत हेच. पालीत 'किलेस' म्हणजे मनाचा मळ. योगाचार पंथात 'क्लिष्टमनस्' अशी संज्ञा आहे, तिचा अर्थ मीपणाने मळलेलं मन. 'समजायला अवघड मन' असं भाषांतर कोणी केलेलं दिसलं तर पुढचं वाचू नका.

'कष्टलेला' वरून 'समजायला अवघड' हा प्रवास कसा झाला?

याचं उत्तर लांब आहे, पण हाच भाग खरा मजेचा.

पहिली पायरी अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या श्लोकबद्ध शब्दकोशात दिसते. तिथे बोलण्याचे प्रकार सांगताना एक ओळ येते, 'सङ्कुलक्लिष्टे परस्परपराहते'. म्हणजे एकमेकांना मारणारं बोलणं, ज्यातला एक भाग दुसऱ्याला खोटा पाडतो, त्याला 'संकुल' किंवा 'क्लिष्ट' म्हणतात. ठरलेलं उदाहरण 'माता मे वन्ध्या', माझी आई वांझ आहे. म्हणजे क्लिष्ट हा शब्द माणसावरून उठून वाक्यावर येऊन बसला. आता वाक्यच पिडलेलं आहे, त्यात अर्थ नीट उभा राहत नाही.

दुसरी पायरी काव्यशास्त्राची. भामह, साधारण सातव्या शतकातला, कवींनी काय काय वापरू नये याची यादी देतो आणि त्यात नेयार्थ, क्लिष्ट, अन्यार्थ, अवाचक, अयुक्तिमत् आणि गूढशब्दाभिधान असे सहा दोष मोजतो. क्लिष्टची त्याची व्याख्या एका शब्दाची, 'व्यवहित', म्हणजे मध्ये काहीतरी आड आलेलं. मग अकराव्या शतकात काश्मीरचा मम्मट येतो, आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथाच्या सातव्या उल्हासात (प्रकरणात) दोषांची मोठी यादी लावतो, त्यात 'क्लिष्ट' आहेच, आणि व्याख्या अशी, 'यतोऽर्थप्रतिपत्तिर्व्यवहिता'. ज्याच्यामुळे अर्थ कळण्यात आडकाठी येते ते क्लिष्ट.

म्हणजे आज आपण ज्या अर्थाने क्लिष्ट म्हणतो तो अर्थ निदान तेराशे वर्षं जुना आहे, आणि तो साहित्याच्या टीकेतून आलाय. आणि मुख्य म्हणजे तिथे तो *दोष* म्हणून आलाय. विद्वत्तेचं सर्टिफिकेट म्हणून नाही. 'फार क्लिष्ट लिहितात हो, मोठे विद्वान आहेत' असं आपल्याकडे कौतुकाने बोललं जातं तेव्हा मला मम्मटाची आठवण येते.

मम्मटाने उदाहरण काय दिलंय?

हे बघाच. ओळ अशी आहे:

अत्रिलोचनसंभूतज्योतिरुद्गमभासिभिः ।
सदृशं शोभतेऽत्यर्थं भूपाल तव चेष्टितम् ॥

राजाला सांगायचंय एवढंच की तुझं वागणं कुमुदांसारखं (रात्री फुलणारी पांढरी कमळं) शोभतं. पण कवीला 'कुमुद' म्हणायचं नाहीये. मग तो म्हणतो, अत्री ऋषींच्या डोळ्यातून जन्मलेली जी ज्योती, तिच्या उगवण्याने जी खुलतात, त्यांच्यासारखं. आता तुम्ही काय करायचं, तर पुराणातली गोष्ट आठवायची की चंद्र अत्रींच्या डोळ्यातून झाला, मग ज्योती म्हणजे चंद्र, मग तो उगवल्यावर काय फुलतं, तर कुमुद, आणि मग तिथून परत राजाकडे यायचं. त्यात 'अत्रिलोचन' वाचताना कोणाला 'अ-त्रिलोचन' वाटून शंकर डोळ्यासमोर आला की संपलंच.

यातला एकही शब्द कोशाबाहेरचा नाही हे लक्षात घ्या. अत्री माहीत, लोचन माहीत, ज्योती माहीत. अडचण शब्दांची नाहीये, शब्दांपासून अर्थापर्यंत जायला जो वळसा घ्यावा लागतो त्याची आहे. आणि कालिदासानेही रघुवंशात चंद्राला 'अत्रींच्या डोळ्यातून उठलेली ज्योती' म्हटलंय बरं का, पण तिथे वळसा एकच आहे, लगेच अर्थावर येतो, म्हणून तिथे कोणी क्लिष्ट म्हणत नाही. एका वळशाला रस येतो, तिसऱ्या वळशाला वाचक बसून घेतो.

म्हणजे अवघड आणि टेक्निकल शब्द वापरले की भाषा क्लिष्ट होते, हे चूक?

अर्धं चूक. मम्मटाने याच्यासाठी वेगळा दोष ठेवलाय, 'अप्रतीत'. जो शब्द फक्त एखाद्या शास्त्रातच प्रसिद्ध आहे तो सगळ्यांसाठीच्या काव्यात घातला तर तो अप्रतीत. त्याचं उदाहरणही झकास, 'आशय' हा शब्द. योगशास्त्रात आशय म्हणजे कर्मांचे मनात साठलेले संस्कार, आणि तो अर्थ कवितेत कोणी गृहीत धरला तर साध्या वाचकाला कळणार कसा.

आता आपल्याकडचं बघा. सातबारा, फेरफार, बोजा, पोटखराबा हे शब्द गावातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात आणि पुण्यात वाढलेल्या इंजिनिअरला वडिलोपार्जित जमिनीच्या कामाला तलाठ्याकडे गेल्यावर घाम फुटतो. त्याच शेतकऱ्याला डिमॅट, केवायसी, एक्झिट लोड ऐकवा, तो घाम त्याला फुटेल. हे अप्रतीत. शब्द एकदा समजावून दिला की प्रश्न मिटतो. क्लिष्ट वाक्य मात्र प्रत्येक शब्द समजावला तरी क्लिष्टच राहतं, ते मोडून परत लिहावं लागतं.

हा फरक हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इतका नेमका करून ठेवलाय आणि आपण अजूनही दोन्हीला एकच शब्द वापरतो.

क्लिष्ट, दुर्बोध, गूढ, गहन, जटिल, किचकट... सगळे एकच ना?

डिक्शनरीत एकमेकांचे समानार्थी म्हणून देतात, पण वापरताना फरक पडतो. माझ्या कानाला जे वाटतं ते सांगते.

गूढ म्हणजे लपलेलं. गुह् धातू, लपवणे, त्याच्यावरूनच गुहा आणि गुह्य. म्हणून गूढ कथा असते, गूढ हसू असतं, आणि ते हवंहवंसं असू शकतं. गहन म्हणजे खोल किंवा दाट, संस्कृतात गहन म्हणजे दाट रानसुद्धा. यात तक्रार नाही, आदर आहे. जटिल म्हणजे जटा असलेला, धागेदोरे एकमेकात अडकलेत, समस्या जटिल असते. किचकट हा आपला घरचा शब्द, बारीक बारीक खूप काम आहे आणि ते संपत नाही, फॉर्म भरणं किचकट, मोदकाच्या कळ्या पाडणं किचकट.

दुर्बोध मात्र वेगळा घ्यावा लागेल. मराठीत या शब्दावर जेवढं भांडण झालंय तेवढं दुसऱ्या कुठल्या टीकेच्या शब्दावर झालं नसेल. 1947 मध्ये मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या आणि दुर्बोध दुर्बोध म्हणून गहजब झाला, पुढे ग्रेस यांच्या वाट्यालाही तोच शब्द आला. पण मर्ढेकरांची कविता उघडून बघा, शब्द रोजचे, यंत्रातले, चाळीतले, गिरणीतले, वाक्यं आखूड. त्यांना क्लिष्ट म्हणताच येत नाही. सांगणं सरळ आहे, जे सांगितलंय त्याचा बोध चटकन होत नाही. म्हणजे दुर्बोधात अडचण आशयाजवळ असते, क्लिष्टात वाटेवरच असते. दुर्बोध कविता परत वाचाविशी वाटू शकते. क्लिष्ट कविता परत वाचायला लागते.

मग 'हा विषय फार क्लिष्ट आहे' असं म्हणायचं की नाही?

म्हणा, सगळेच म्हणतात, आणि भाषा अशीच सरकते. पण माझं मत विचाराल तर विषय गहन असतो, अवघड असतो, क्लिष्ट असते ती मांडणी. क्वांटम फिजिक्स गहन आहे. त्यावरचं एखादं पुस्तक क्लिष्ट असेल, दुसरं नसेल. 'विषयच क्लिष्ट आहे' म्हटलं की शिकवणारा सुटतो आणि शिकणारा 'आपलं डोकंच नाही' असं म्हणत घरी जातो. शाळेत व्याकरण, बीजगणित आणि नागरिकशास्त्र या तिघांच्या बाबतीत हेच होतं. नागरिकशास्त्र तर बिचारं खरोखर सोपं असतं.

गीतेत याच्याबद्दल काही आहे म्हणतात?

'क्लिष्ट' शब्द नाही, पण त्याचं भावंड आहे, आणि अगदी आपल्या मुद्द्याच्या जवळ आहे. बाराव्या अध्यायात अर्जुन विचारतो की सगुणाची भक्ती करणारे बरे की अव्यक्ताची उपासना करणारे. उत्तरात पाचवा श्लोक, 'क्लेशोऽधिकतरस्तेषामव्यक्तासक्तचेतसाम्'. ज्यांचं मन अव्यक्ताला लागलंय त्यांना क्लेश जास्त. कारणही दिलंय, देह असलेल्या माणसाला अव्यक्ताची वाट दुःखानेच मिळते.

म्हणजे जे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याचा विचार करण्यात कष्ट आहेत, ही गोष्ट तिथे मान्य केलीये. आणि गंमत अशी की मार्ग चुकीचा आहे असं म्हटलेलं नाही, तेही मलाच येऊन मिळतात असं आधीच्याच श्लोकात सांगून टाकलंय. फक्त कष्ट जास्त. अमूर्त विचार अवघड का वाटतो याचं इतकं माणुसकीचं उत्तर मी दुसरीकडे फार कमी वाचलंय.

ज्ञानेश्वरी क्लिष्ट आहे का?

नाही. जुनी आहे. 1290 मध्ये सांगितलेली मराठी आज सरळ कळत नाही यात सांगणाऱ्याचा काय दोष. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' म्हणणारा माणूस लोकांना कळावं म्हणूनच बोलत होता. तीनशे वर्षांत पाठ बिघडले म्हणून एकनाथांनी 1584 मध्ये प्रत शुद्ध केली, आणि आज आपल्याला शब्दार्थ देणारी सार्थ प्रत लागते, इतकंच. आठवडाभर रोज थोडं वाचलं की कान बसतो. क्लिष्ट गोष्टीत कान बसत नाही, हीच त्याची खूण.

मराठीत खरा क्लिष्ट कोण मग?

नावं घेतली की भांडणं होतात. पण पंडित कवींवर हा आरोप जुना आहे आणि मोरोपंतांवर (1729 ते 1794, बारामतीला आयुष्य गेलं) सगळ्यात जास्त. यमकं जुळवायला, संस्कृत समास बसवायला त्यांनी मराठीला बरंच वाकवलं. एकशेआठ रामायणं लिहिली म्हणतात, त्यात एक निरोष्ठ रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळून, ओठाला ओठ न लावता म्हणायचं. मला ते सर्कशीसारखं वाटतं, आणि सर्कस मला आवडते. पण केकावलीत जिथे ते देवाशी सरळ बोलतात तिथे अंगावर काटा येतो आणि तिथे भाषाही आपोआप मोकळी झालेली असते.

मुद्दाम क्लिष्ट लिहिणारे असतात का?

हो की. आणि काही जण तसं कबूलही करतात. भामह एका ठिकाणी म्हणतो की काव्यंसुद्धा शास्त्रासारखी व्याख्या वाचून कळायला लागली तर हुशारांचा उत्सव होईल आणि मंदबुद्धी बिचारे मेलेच, 'उत्सवः सुधियामेव हन्त दुर्मेधसो हताः'. आता गंमत म्हणजे वलभीचा भट्टी, ज्याने रामकथा सांगता सांगता पाणिनीचं व्याकरण शिकवणारं बावीस सर्गांचं काव्य लिहिलं, तो शेवटी जवळजवळ त्याच शब्दांत म्हणतो, हे काव्य व्याख्येनेच कळणारं आहे, हुशारांचा उत्सव आहे, मंदबुद्धी यात मेले, कारण मला विद्वान प्रिय आहेत! कोणी कोणाला टोमणा मारलाय, आधी कोण आणि नंतर कोण, यावर अभ्यासक बराच वाद घालतात. मला भट्टीचा उद्धटपणा आवडतो, पण निदान त्याने सांगून टाकलं. आजचे लोक सांगत नाहीत.

महाभारतातले कूटश्लोक हे दुसरं उदाहरण. गणपती म्हणाला लेखणी थांबली तर लिहिणार नाही, व्यास म्हणाले अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मग गणपती विचारात पडावा म्हणून व्यासांनी मधेमधे कूट श्लोक घातले, 8,800, जे 'मला कळतात, शुकाला कळतात, संजयाला कळतात की नाही कोण जाणे'. गोष्ट फार गोड आहे पण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती मूळ पाठात नाही, परिशिष्टात गेलीये. कूट म्हणजे कोडं, ते सोडवण्यासाठीच असतं, म्हणून त्याला क्लिष्ट म्हणून नावं ठेवू नयेत.

सरकारी मराठी इतकी क्लिष्ट का असते?

इथे लोक नेहमी नवीन शब्दांना शिव्या घालतात. 1960 मध्ये राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं, कोश झाले, इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द आले. त्याच्या कितीतरी आधी शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला होता, म्हणजे ही हौस नवी नाही. नवीन शब्द आधी सगळे विचित्रच वाटतात. महापौर, दिनांक, चित्रपट हे सावरकरांनी रुळवलेले म्हणून सांगितले जाणारे शब्द आज कोणाला टोचतात? निविदा, परिपत्रक, अधिसूचना हे पेपरात रोज येतात. 'अनुज्ञप्ती' मात्र रुळला नाही, लोक लायसन्सच म्हणतात, ठीक आहे.

त्रास खरा वाक्यांचा आहे. हे मीच रचलेलं वाक्य, पण तुम्ही असं वाचलेलं असणारच: 'अर्जदाराने सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक त्या कागदपत्रांची विहित मुदतीत पूर्तता न केल्यास सदर अर्ज निकाली काढण्यात येईल याची नोंद घेण्यात यावी.' यात एखाददुसरा सोडला तर अनोळखी शब्द नाही. म्हणायचंय काय, तर कागद वेळेत द्या, नाहीतर अर्ज बंद करू. पण कोण बंद करणार ते वाक्यात नाही, कोणी नोंद घ्यायची ते नाही, सगळं 'येईल' आणि 'यावी' वर चाललंय. इंग्रजी पत्राचा सांगाडा तसाच ठेवून वर मराठी शब्द चढवले की असं होतं. मम्मटाच्या भाषेत अप्रतीत नाही, शुद्ध क्लिष्ट.

आणि उलट बघा, लग्नपत्रिकेची भाषा केवढी संस्कृतने भरलेली असते, 'शुभविवाह', 'कुलस्वामिनीच्या कृपेने', 'चि. सौ. कां.', तिला कोणी क्लिष्ट म्हणत नाही, कारण वाक्य ओळखीचं आहे.

'अग्निरथगमनागमनदर्शक' वगैरे शब्द खरंच सरकारने केले होते का?

नाही हो, तो विनोद आहे. रेल्वे सिग्नलला असं लांबलचक नाव, टायला कंठलंगोट, ही सगळी भाषाशुद्धीवाल्यांची टिंगल करायला केलेली सोंगं. पण मला त्यात एक गोष्ट भारी वाटते, ती रचना आणि मम्मटाचं 'अत्रिलोचनसंभूतज्योतिरुद्गमभासिभिः' शेजारी ठेवून बघा. आगीचा रथ, त्याचं येणं जाणं, ते दाखवणारी वस्तू. तोच वळसा, तेच समासांचं शेपूट. ज्याने हा विनोद पहिल्यांदा केला त्याला काव्यदोष पाठ असणार, नाहीतर कान फार तयार असणार.

क्लिष्टच्या विरुद्ध काय?

सुबोध, सुगम, सोपं. पण काव्यशास्त्रातला नेमका शब्द 'प्रसाद', आणि त्यावरून 'प्रासादिक'. लोकांना वाटतं प्रासादिक म्हणजे देवाच्या प्रसादाचं काहीतरी, संतांची वाणी प्रासादिक म्हणतात म्हणून. तोही अर्थ आहेच. पण मूळ प्र+सद्, गढूळ पाणी निवळणं, 'प्रसन्न' तिथूनच. मम्मट सांगतो की वाळलेल्या लाकडात आग पसरावी किंवा स्वच्छ पाणी पसरावं तसा जो मनात एकदम पसरतो तो प्रसाद. तुकोबांचा अभंग घ्या कुठलाही, हेच होतं.

श्लिष्ट आणि क्लिष्ट एकच का?

नाही. श्लिष्ट हा श्लिष् वरून, चिकटणे, मिठी मारणे. श्लेष, आश्लेष त्यातले. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की श्लिष्ट. अर्थात कवीने श्लेषांचा मारा केला की ते क्लिष्टही होतं, तो भाग वेगळा.

अजून एक तिसरा भाऊ आहे जो मराठीत आलाच नाही, 'म्लिष्ट'. अमरकोशात 'म्लिष्टमविस्पष्टम्', म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं, नीट ऐकू न येणारं बोलणं. म्लेच्छ शब्द याच धातूचा. रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटला इतका फिट शब्द आपण सोडून दिला याचं वाईट वाटतं.

इंग्रजीत काय म्हणायचं?

ॲबस्ट्रूस देतात बऱ्याचदा. तो लॅटिनमधून, 'ढकलून दूर लपवलेलं' असा मूळ अर्थ, म्हणजे खरं तर तो आपल्या 'गूढ'चा जोडीदार. क्लिष्टच्या जवळचा म्हणजे लेबर्ड, त्यातही कष्टच आहेत. ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे अमूर्त, तो यात आणू नका. हिंदीत क्लिष्ट आपल्यासारखाच चालतो, 'क्लिष्ट हिंदी' ही तक्रार तिकडेही तेवढीच जोरात.

लिहायचं कसं?

क्लि र्‍हस्व, ष पोटफोड्या, क्लिष्ट. क्लीष्ट, क्लिस्ट, किलिष्ट ही सगळी चूक. नाम करायचं तर क्लिष्टता, काव्यशास्त्राच्या पेपरात क्लिष्टत्व. विशेषण लिंगवचनाने बदलत नाही, क्लिष्ट मुद्दा, क्लिष्ट भाषा, क्लिष्ट नियम, सगळीकडे तसंच.

कोशात कुठे बघू?

मराठीसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 मध्ये सात खंड निघाले. मूळ संस्कृत अर्थ आणि वापराची उदाहरणं हवी असतील तर वा. शि. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश, त्यात 'माता मे वन्ध्या' पण सापडेल. दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात, फक्त 'क्लिष्ट' टाकून काही आलं नाही तर 'क्लिश्' टाकून बघा, आपट्यांकडे शब्द बऱ्याचदा धातूच्या पोटात असतात.